झूमचं बटण आणि टेकडीवरचे चर

आजचा विषय कळल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की राळेगणसिद्धीत येऊन कॅमेऱ्यावर काय बोलणार? इथं येणारा माणूस पाण्यावर बोलतो, ग्रामसभेवर बोलतो, नाहीतर लोकपालावर. मीही पाण्यावरच येणार आहे. वाट तेवढी आडवळणाची आहे.

माझ्या हातात हा जो कॅमेरा आहे तो कॅनन पॉवरशॉट एसएक्स २३० एचएस, २०११ सालचा. वजन पाव किलोच्या आत. शर्टाच्या खिशात कसाबसा मावतो. चालू केला की भिंगाची नळी बाहेर येते आणि डाव्या कोपऱ्यातला फ्लॅश आपोआप वर उठतो. नेमकं तिथंच आपलं बोट असतं, त्यामुळे पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक माणूस दचकतो. हा फ्लॅश तिथं बसवणाऱ्याने कॅमेरा दोन्ही हातांनी धरून पाहिला होता की नाही, अशी मला शंका आहे. ते असो. आपलं लक्ष उजव्या हाताकडे आहे. फोटो काढायचं जे बटण, त्याच्याभोवती एक कडं आहे आणि त्याला पुढे छोटा दांडा. उजवीकडे ढकलला की लांबचं जवळ येतं, डावीकडे ढकलला की पुन्हा सगळा देखावा मावतो. हे झूमचं बटण. १४ पट झूम. फिल्मच्या भाषेत सांगायचं तर २८ मिलिमीटरपासून ३९२ मिलिमीटरपर्यंत.

१४ पट म्हणजे काय ते आकड्यांत सांगतो. समोर ५०० मीटरवर टेकडी आहे असं धरा. बटण पूर्ण डावीकडे असताना या कॅमेऱ्यात त्या टेकडीची ६०० मीटरपेक्षा जास्त रुंदी मावते. पूर्ण उजवीकडे नेलं की उरतात ४४-४५ मीटर. टेकडी तीच, उभे आपण तिथंच. बोट अर्धा इंचसुद्धा हललेलं नाही, आणि कागदावर मात्र दोन वेगळ्या जागा दिसतात.

माझं आजचं म्हणणं या अर्ध्या इंचाबद्दल आहे. या कॅमेऱ्यावरची बाकीची सगळी बटणं फोटो चांगला यावा म्हणून आहेत. झूमचं बटण फोटो कुठून घेतला हे विसरायला लावतं. लग्नात, सहलीत, पक्षी बघताना ते विसरलं तर काही बिघडत नाही. पण ज्या गावाची ओळखच ‘आधी काय होतं आणि नंतर काय झालं’ यावर उभी आहे, तिथं बिघडतं.

आधी हे बटण आलं कुठून ते बघू. या छोट्या डब्यावरचं जवळजवळ काहीच मूळचं त्याचं नाही, सगळं उसनं आहे. फोटोच्या बटणाचं उदाहरण घ्या. अर्धं दाबलं की फोकस होतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो. ही सवय आली आपोआप फोकस करणाऱ्या फिल्मच्या छोट्या कॅमेऱ्यांच्या काळापासून. तशी पहिली बाजारू जात म्हणजे १९७७ चा कोनिका सी ३५ एएफ. हा गोल फिरणारा डायल, ज्यावर माणसाचं डोकं, डोंगर, पळणारा माणूस अशी चित्रं असतात, तो १९९० च्या सुमाराला स्वस्त एसएलआर कॅमेऱ्यांवर रुळला. आणि झूमचं बटण आलं व्हिडिओ कॅमेऱ्यातून. लग्नाची शूटिंग करणारे आठवा. खांद्यावर कॅमेरा आणि वर एक डुलणारी पट्टी, एका टोकाला डब्ल्यू, दुसऱ्या टोकाला टी. स्थिर फोटोच्या एसएलआरसाठी झूम भिंग १९५९ मध्येच आलं होतं, फोग्टलेंडर कंपनीचं झूमार, ३६ ते ८२ मिलिमीटर. पण ते हाताने फिरवायचं होतं. मोटरवर चालणारा झूम खिशातल्या फिल्म कॅमेऱ्यात आणला तो पेंटॅक्सने, १९८६ मध्ये, ३५ ते ७० मिलिमीटर. म्हणजे नुसता दुप्पट.

हाताने फिरवायच्या झूममध्ये आणि मोटरच्या झूममध्ये एक फरक आहे, आणि पुढे तो महत्त्वाचा ठरणार आहे. हाताने फिरवायच्या भिंगावर आकडे कोरलेले असतात. ३५, ५०, ७०. तुम्ही कुठं थांबलात हे डोळ्यांना दिसतं, उद्या पुन्हा तिथंच थांबता येतं. मोटरच्या झूममध्ये कडं ढकललं की आत गिरगिर आवाज होतो, नळी पुढे सरकते, सोडलं की थांबते. कुठं थांबली? पडद्यावर एक पट्टी दिसते, काही कॅमेऱ्यांत सोबत ‘५ पट’, ‘८ पट’ असा आकडा. तोही दोन सेकंदांत नाहीसा होतो. डावं टोक आणि उजवं टोक, ही दोनच ठिकाणं पुन्हा हमखास सापडतात. मधलं सगळं अंदाजपंचे.

डिजिटलमध्ये लांब झूम फार लवकर आला. सोनीचा मॅविका एफडी ७, १९९७ चा. त्यात फोटो चक्क फ्लॉपीवर जायचे, चित्र ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचं, पण झूम मात्र १० पट. कारण सरळ होतं. व्हिडिओ कॅमेऱ्याचा सेन्सर इवलासा असतो, आणि इवल्या सेन्सरला इवलं भिंग पुरतं. २००० मध्ये ऑलिंपसचा सी २१०० अल्ट्रा झूम आला, १० पट, शिवाय हात हलला तर भिंग आतल्या आत सावरून घेणारा. २००२ मध्ये पॅनासॉनिकचा एफझेड १, १२ पट, आणि त्याची खुबी अशी की पूर्ण लांब नेलं तरी भिंगाचं तोंड आकुंचित होत नसे, एफ २.८ तसंच राहायचं. पण हे सगळे हातात मावणारे, खिशात न मावणारे. खिशाची मजल २००६ मध्ये मारली गेली. पॅनासॉनिकच्या टीझेड १ मध्ये लोलक बसवून प्रकाशाची वाट काटकोनात वळवली आणि १० पट झूम चपट्या डब्यात बसवला. पुढच्याच वर्षी कॅननचा एसएक्स १०० आयएस आला. आणि मग दर वर्षी आकडा वाढवायची शर्यत लागली. १२ पट, १४ पट, १६ पट. २०१२ मध्ये खिशातल्या कॅमेऱ्यात २० पट आणि जरा मोठ्या अंगाच्या एसएक्स ५० मध्ये ५० पट. २०१५ मध्ये निकॉनचा पी ९०० आला तो ८३ पट. त्यावर लोकांनी चंद्राचे खड्डे काढले. शर्यत ती शर्यत, तिला मर्यादा कसली.

या माझ्या हातातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा आहे, साधारण ६ मिलिमीटर रुंद. त्यामुळे ३९२ मिलिमीटर म्हणून सांगितलेलं भिंग प्रत्यक्षात आहे फक्त ७० मिलिमीटरचं. आणि २८ म्हणून सांगितलेलं आहे ५ मिलिमीटरचं. हे ५ आणि ७० लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचं आहे. वृत्तपत्राचे फोटोग्राफर तेवढाच पल्ला गाठायला जे १०० ते ४०० मिलिमीटरचं भिंग लावतात ते एकटं सव्वा किलोच्या वर भरतं.

या स्वस्ताईची किंमत कुठंतरी मोजावी लागतेच. पूर्ण डावीकडे असताना हे भिंग एफ ३.१ आहे, पूर्ण उजवीकडे एफ ५.९. गणित केलं तर लांबच्या टोकाला साडेतीन पटीपेक्षा कमी उजेड आत येतो. आता डिसेंबर २०१३ आठवा. १० तारखेपासून १८ तारखेपर्यंत इथं यादवबाबा मंदिराच्या परिसरात अण्णांचं उपोषण चाललं. १७ ला राज्यसभेत आणि १८ ला लोकसभेत लोकपाल विधेयक मंजूर झालं आणि उपोषण सुटलं. पुढे बसलेल्या मोठ्या वृत्तपत्रांच्या लोकांकडे मोठी भिंगं. मागे गर्दीत असे खिशातले कॅमेरे आणि फोन. ज्याने मागून कॅमेरा डोक्यावर धरून झूम पूर्ण लांब नेला आणि संध्याकाळी फोटो घेतला, त्याच्या कॅमेऱ्यापुढे दोनच रस्ते होते. एकतर झडप जास्त वेळ उघडी ठेवायची, म्हणजे चेहरा हलतो. नाहीतर सेन्सरची संवेदना वाढवायची, म्हणजे चेहऱ्यावर रवाळ दाणे येतात. कॅमेरा हे आपल्याला विचारत नाही, ऑटोवर असला की परस्पर ठरवतो. पडद्याच्या कोपऱ्यात थरथरणाऱ्या हाताचं बारकं चिन्ह लुकलुकतं, एवढीच काय ती सूचना. भर उन्हात ते कुणाला दिसत नाही आणि अंधारात ते चिन्ह बघायला वेळ कुणाला असतो?

गावाकडच्या माणसाला या कॅमेऱ्यांनी एक गोष्ट मात्र नक्की दिली, आणि तिचं मोल कमी करायचं नाही. तालुक्याच्या वार्ताहराला, शाळेतल्या गुरुजींना, ग्रामसेवकाला पुढे घुसल्याशिवाय फोटो घेता येऊ लागला. आमदाराच्या सभेत पहिल्या रांगेत जागा मिळण्याइतका मान त्याला नव्हता, पण मागच्या खांबाला टेकून तो चेहरा गाठू शकत होता. कॅननच्या एस १, एस २ आणि एसएक्स १०० सारख्या कॅमेऱ्यांत तर पेन्सिल सेल चालायचे, जे किराणा दुकानातही मिळतात. महाराष्ट्राच्या खेड्यांत त्या वर्षांत भारनियमन किती तासांचं होतं ते इथं बसलेल्यांना सांगायची गरज नाही. चार्जरवाला सुबक कॅमेरा बंद पडलेला असताना सेलवाला ओबडधोबड कॅमेरा चालायचा. साधे सेल डिजिटल कॅमेऱ्यात पटकन दम तोडतात, हे खरं, पण पाच मिनिटांत दुसरे मिळत होते.

आता टेकडीकडे वळू.

राळेगणची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. अण्णा सैन्यातून निवृत्त होऊन १९७५ मध्ये गावी आले. यादवबाबांच्या देवळाची डागडुजी झाली. गळका पाझर तलाव दुरुस्त झाला. पुरंदरमध्ये पाणी पंचायतीचं काम करणाऱ्या विलासराव साळुंखे यांच्या कामाचा धडा जवळच होता. मग माथा ते पायथा कामं झाली. टेकडीवर समतल चर, ओघळींत दगडी बांध, खाली नाला बांध आणि बंधारे. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान. वर्षाला ४००-५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या पारनेर तालुक्यात विहिरींना पाणी टिकायला लागलं. १९९० मध्ये पद्मश्री, १९९२ मध्ये पद्मभूषण, आणि गाव बघायला येणाऱ्यांची रीघ.

ही रीघ काय बघायला येते? पाणी जमिनीत मुरलं, ते दिसत नाही. दिसतात ते चर, बांध आणि झाडं. म्हणून पाणलोटाच्या कामात फोटोला नुसत्या आठवणीपेक्षा जास्त वजन आहे, तो कामाचा दाखला असतो. नुसतं राळेगण नव्हे, हिवरे बाजार असो की संगमनेर तालुक्यातलं दरेवाडी असो, नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, पाणलोटाचं काम जितकं झालं तितकेच त्याचे फोटोही निघाले. अहवालाला फोटो, प्रशिक्षणाला फोटो, पाहणीला येणाऱ्या पथकासमोर फोटो. आणि साधारण २००५ ते २०१३ या काळात गावपातळीवर हे फोटो काढायला जो कॅमेरा हाताशी होता, तो बहुतेक वेळा असाच, खिशातला, झूमवाला.

समजा टेकडीच्या उतारावर दहा चर आहेत, एकमेकांपासून १० मीटरवर. पहिल्या चरापासून ५० मीटरवर उभे राहा. झूम डावीकडे. पहिला चर ५० मीटरवर, दहावा १४० मीटरवर. पहिल्या चरात उभा असलेला माणूस जेवढा उंच दिसेल, त्याच्या साधारण ३६ टक्के उंच दिसेल दहाव्या चरातला माणूस. मधली उघडी जमीन डोळ्यांत भरते, चर विरळ वाटतात. आता तिथून मागे जा, समोरच्या टेकाडावर, ५०० मीटरवर. पहिला चर ५०० वर, दहावा ५९० वर. झूम दहा पट करा म्हणजे पहिल्या चरातला माणूस पूर्वीएवढाच दिसेल. दहाव्यातला? त्याच्या ८५ टक्के. चर एकमेकांना चिकटल्यासारखे, पायऱ्या-पायऱ्यांसारखे दिसतात. झाडांचंही तेच. दहा-दहा मीटरवर लावलेली रोपं दाट राई वाटतात.

इथं एक गैरसमज आहे तो काढून टाकू. लोक म्हणतात, झूममुळे अंतर दबतं. झूमचा त्यात दोष नाही. अंतर दबतं ते आपण मागे गेल्यामुळे. एकाच जागी उभं राहून झूम केला तर फोटोचा नुसता मधला तुकडा मोठा होतो, वस्तूंचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बदलत नाही. पण झूम नसता तर आपण मागे गेलोच नसतो, कारण ५०० मीटरवरून साध्या भिंगात चर काड्यांसारखे दिसले असते. बटणाने मागे जायची मुभा दिली, आणि मागे गेल्यावर प्रमाण बदललं. दोन पायऱ्यांनी झालेली गोष्ट आहे.

म्हणजे ‘आधी’चा फोटो जवळून, रुंद, उन्हाळ्यात, ‘नंतर’चा लांबून, झूमने, पावसाळ्यानंतर. यात खोटं बोलायचा कुणाचा हेतू असेलच असं मुळीच नाही. पहिला फोटो काम दाखवायला काढलेला असतो, म्हणून माणूस जवळ जातो. दुसरा फोटो परिणाम दाखवायला असतो, म्हणून माणूस लांब जातो. मनाने अगदी बरोबर, पुरावा म्हणून मात्र ते दोन फोटो एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत. आणि याचा तोटा उलट बाजूनेही होतो, जो मला जास्त लागतो. एखाद्या गावाने खरोखर काम केलेलं असतं, झाडं खरोखर वाढलेली असतात, आणि जाणकार माणूस दोन फोटो बघून म्हणतो, ‘हे तर भिंगाचं काम आहे.’ गावाची पाच-सात वर्षांची मेहनत आणि तिच्यावरचा विश्वास एका बटणावरून उडतो.

यापेक्षा जुना, गरीब कॅमेरा या बाबतीत बरा होता, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. आपल्याकडे कित्येक घरांत असलेला अगफा क्लिक थ्री आठवा. बडोद्याला बनायचा. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो. त्याला झूम नव्हता, भिंग एकच. लांबचं हवं असेल तर चालत जा. म्हणून त्यातल्या कोणत्याही दोन फोटोंत दृष्टीचा कोन एकच असतो, आणि फोटो बघून काढणारा कुठं उभा होता ते शोधून काढता येतं. तीच जागा, तोच कोन, दहा वर्षांनी पुन्हा. युरोपात हे शास्त्र म्हणून केलं गेलं. १८८० च्या दशकाच्या शेवटी सेबास्तियन फिन्स्टरवाल्डर नावाच्या जर्मन गणितज्ञाने आल्प्समधल्या हिमनद्यांचे फोटो नेमक्या मोजलेल्या जागांवरून घेतले, म्हणजे पुढच्यांना तिथंच उभं राहून हिमनदी किती मागे सरली ते मोजता यावं. त्याच्याकडे मोठा अवजड कॅमेरा होता. पण त्याच्या पद्धतीत भारी होतं ते जमिनीवरचं उभं राहायचं ठिकाण.

आता मघाशी सांगितलेले ५ आणि ७०. डिजिटल कॅमेरा बोटाने केलेली गोष्ट विसरत नाही. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये, चित्राच्या आधी, काही ओळी लिहिलेल्या असतात. एक्झिफ म्हणतात त्याला. तारीख, वेळ, झडप किती वेळ उघडी होती, भिंगाचं तोंड किती होतं, आणि भिंग त्या क्षणी किती मिलिमीटरवर होतं. या कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोत ५ लिहिलं असेल तर तो रुंद टोकाचा, ७० असेल तर पूर्ण लांबचा, ५० असेल तर दहा पट. काही कंपन्या सोबत फिल्मच्या हिशोबातला आकडाही लिहितात, काही लिहीत नाहीत. मग सेन्सर माहीत असावा लागतो. संगणकावर फोटोवर उजवं बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडलं की हे दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की हे सगळं गळून पडतं, प्रिंट काढली तर अर्थात राहतच नाही. म्हणून गावाकडे मूळ कार्ड किंवा मूळ फाइल असणं आणि फ्लेक्सवर छापलेला फोटो असणं, यात इतिहासाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या नोंदीतली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे तारीख, आणि ती बिघडते आपल्या हातून. कॅमेरा महिनोन्‌महिने कपाटात बॅटरी काढून ठेवला की आतलं घड्याळ बंद पडतं. पुन्हा चालू केला की तो तारीख विचारतो. समोर कार्यक्रम सुरू झालेला असतो, पाहुणे नारळ हातात घेऊन उभे असतात. माणूस ओके, ओके दाबत पुढे जातो. मग २०१२ चा बंधारा कॅमेऱ्याच्या मते कारखान्यात भरलेल्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीला बांधला जातो. तारीख भरायचा तो पडदा इतका किचकट का केला, हे मला कंपन्यांना विचारावंसं वाटतं. चार दिशांच्या बाणांनी दिवस, महिना, वर्ष, तास एकेक करून. झूमच्या बटणावर त्यांनी जेवढं डोकं चालवलं त्याच्या दहावा हिस्सा जरी इथं चालवलं असतं!

जागेची नोंद करायची सोयही याच जातीच्या कॅमेऱ्यांत आली. पॅनासॉनिकच्या टीझेड १० मध्ये २०१० ला जीपीएस आलं, आणि या माझ्या हातातल्या कॅननमध्ये २०११ ला. अक्षांश-रेखांश थेट फाइलमध्ये. कल्पना सुंदर होती. फिन्स्टरवाल्डरला जे मोजावं लागलं ते आपोआप. पण उपग्रह सापडायला वेळ लागायचा, आणि या कॅननमध्ये जागेची सलग नोंद चालू ठेवली तर कॅमेरा बंद असतानाही बॅटरी उतरत राहायची. लोकांनी एकदा बंद केलं ते कायमचं. नंतर सरकारी योजनांनी तेच काम फोनवर नेलं. जलयुक्त शिवारची आणि रोजगार हमीची कामं अक्षांश-रेखांशासह मोबाईलवरून अपलोड व्हायला लागली. त्यात जागा कळते. दिशा आणि भिंग कळतंच असं नाही.

मग कंपन्यांना हे सुचलं नव्हतं का, की झूम नेमक्या जागी थांबावा? सुचलं होतं, पण दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी. कॅननने २००९ मध्ये एस ९० नावाच्या कॅमेऱ्यात भिंगाभोवती एक कडं दिलं. ते फिरवलं की झूम २८, ३५, ५०, ८५, १०५ असा ठरलेल्या आकड्यांवर थांबायचा. जुन्या फिल्मवाल्या हौशी लोकांना आवडावा म्हणून. पण त्याचा झूम चार पटसुद्धा नव्हता. लांब झूमवाल्या कॅमेऱ्यांना काय मिळालं? एसएक्स ५० मध्ये भिंगाच्या बाजूला एक बटण आलं, जे दाबून धरलं की झूम क्षणभर मागे येतो, उडून गेलेला पक्षी पुन्हा सापडतो, आणि सोडलं की झूम होता तिथं परत जातो. पक्षी बघणाऱ्यांसाठी फार उपयोगी. पॅनासॉनिकच्या काही कॅमेऱ्यांत ‘झूम रिझ्यूम’ होतं, बंद करून चालू केलं तरी झूम आधीच्या जागी जायचा. मेनूच्या तिसऱ्या-चौथ्या पानावर. पण दोन वर्षांनी परत तीच टेकडी टिपणारा माणूस कुणाच्या नजरेसमोर नव्हता. दुकानात कॅमेरा विकला जायचा तो खोक्यावरच्या ‘१४ पट’ या आकड्यावर.

ही जात आता जवळपास संपली. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे पाठवले गेले, २०२३ मध्ये ८० लाखांच्या आत. पहिला बळी गेला तो खिशातल्या कॅमेऱ्याचा. पण त्यातून निघालेले फोटो गावागावांत आहेत, ग्रामपंचायतीच्या संगणकावर, शाळेच्या कपाटातल्या सीडीवर, कुणाच्या पेन ड्राइव्हवर. सीडी तर आता वाचायला यंत्र सापडत नाही. तिथंच मला घाई वाटते. चर बुजले तर पुन्हा खणता येतील, २००८ चा फोटो पुन्हा काढता येणार नाही.

मघाशी चहाच्या वेळी एका तरुणाने चांगला प्रश्न विचारला. तो म्हणाला, सर, आता फोनमध्ये अर्धा, एक, दोन, पाच अशी गोल बटणं असतात, ते तुमच्या मोटरच्या झूमपेक्षा बरं नाही का? या कामासाठी बरं आहे. फोनमध्ये वेगवेगळी भिंगं शेजारी-शेजारी बसवलेली असतात, त्यामुळे त्या बटणांना ठरलेले थांबे आले. ‘एक’ दाबलं की पुढच्या वर्षीही त्याच फोनवर तोच कोन मिळेल. दोन बोटांनी चिमटा काढून झूम केला तर मात्र पुन्हा तोच अंदाजपंचे कारभार. शिवाय फोन बदलला की ‘एक’चा अर्थ थोडा बदलतो, म्हणून फोनचं नाव लिहून ठेवायचं.

त्याला मी जे सांगितलं तेच इथं सांगतो. ज्यांच्याकडे असा जुना कॅमेरा अजून चालू आहे त्यांनी तो फेकू नका. टेकडीसमोर एक पक्का खडक किंवा बांधाचा कोपरा निवडा, त्यावर चुन्याऐवजी ऑइल पेंटने खूण करा, चुना एका पावसात जातो. झूम पूर्ण डावीकडे. आधी तारीख तपासा. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. मे महिन्यात सकाळी सातच्या आत, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि लांबचं सगळं पाण्यात बघितल्यासारखं दिसतं. मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा. आणि जवळून, लांबून, झूमने हवे तेवढे सुंदर फोटो काढा, फ्लेक्सला ते लागतातच. फक्त ते वेगळ्या फोल्डरमध्ये.